भानुतात्यांचा मुकादम

आमच्या आष्टीत कुणी काही नवीन घेतलं, की भानुतात्या ते बघायला येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात : "चालू तर कुणीबी करतंय. बंद कसं करायचं ते सांग."

मी दुकानात झेरॉक्सचं नवं मशीन आणलं, पूजा केली, पेढे वाटले. तात्या माझे शेजारी, भिंतीला भिंत, त्यामुळं पहिला पेढा त्यांना. त्यांनी तो तोंडात टाकला, हात मागं बांधून मशीनला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे बंद कुठून होतंय?" मी बटण दाखवलं. "बटन अडकलं तर?" तर पिन उपटायची. "पिनला करंट उतरला तर?" तर मेन स्विच पाडायचा. "मेन कुठंय?" मेन स्विचसमोर मी कागदाचे गठ्ठे छातीएवढे रचून ठेवले होते. तात्यांनी गठ्ठ्यांकडं बोट दाखवलं. भर उद्घाटनात, नव्या शर्टात, घाम गाळत मी ते गठ्ठे हलवले. मग त्यांनी दुसरा पेढा घेतला.

लग्नातही तेच. मांडवात नवरदेवाचे दोस्त अंगात आल्यासारखे नाचतायत आणि तात्या डीजेच्या गाडीमागं वाकून वायर कुठून कुठं गेलीय ते बघतायत. एकदा एका पुढाऱ्याचं भाषण दुपार उलटली तरी थांबेना, तेव्हा तात्यांनी शेजारच्या माणसाला त्यांचा तो ठेवणीतला प्रश्न विचारला. आवाज जरा मोठा लागला. पुढची माणसं वळून हसली आणि मी तिथून सटकलो, कारण मला त्या पुढाऱ्याच्या ऑफिसचं छपाईचं काम मिळायचं होतं.

तात्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. आमचा तालुका असा कोरडा, की इथं पाटबंधाऱ्यात नोकरी म्हणजे वाळवंटात होडी वल्हवणं. तरी एखाद्या साली पाऊस व्हायचा, तळं भरायचं, पाणी सुटायचं. "पाणी सोडायला नारळ घिऊन धा पुढारी येत्यात बे बबन," तात्या सांगतात, "बंद करायला चिखलात मी एकटा." तिथूनच त्यांना ही खोड लागली असावी. घाबरट तर इतके, की बाजाराला निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघतात. एकदा तर शांताकाकू आत असतानाच कुलूप लावून गेले. काकू खिडकीतून मला हाका मारत होत्या आणि हसू आवरत नसल्यामुळं त्यांना धड हाकही मारता येत नव्हती.

असल्या माणसानं एक दिवस इंजिन नसलेली जुनी व्हॅन ट्रॅक्टरला बांधून घरासमोर आणली आणि जाहीर केलं, की आपण ही बॅटरीवर चालवणार. गल्लीत सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी फ्यूज उडाला. मलाही तेच वाटलं. पण कारण कळल्यावर मी हसायचं बंद केलं.

कारण होतं शांताकाकूंना गाडी लागण्याचं.

तुम्ही म्हणाल, गाडी कुणाला लागत नाही? पण काकूंचं वेगळं आहे. तशी बाई खणखणीत, दोन पायल्यांची ज्वारी निवडून उठेल तरी कमरेला हात लावणार नाही. पण डिझेलचा वास आला की संपलं. लिंबू झालं, आलं झालं, ओवा झाला, स्टँडवरच्या गोळ्या झाल्या, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. शेवटचं माहेरी गेल्या तेव्हा एसटीतून उतरवलं ते थेट दवाखान्यात नेलं आणि सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं केलंत तर मी जबाबदार नाही. तेव्हापासून कित्येक वर्षं काकू कुठल्या गाडीत बसल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत.

माहेर म्हणजे शिरूर कासारकडं जाताना आडबाजूला असलेली एक वाडी. तिथं त्यांची आई. भाऊ दोघं दिवाळी झाली की बायकापोरांसकट ऊसतोडीला जातात, ते पार उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तेवढे महिने म्हातारी घर राखत एकटी असते. डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी कमी ऐकू येतं. भावानं तिला मोबाईल घेऊन दिला आहे, व्हिडिओवाला. पण फोन आला की म्हातारी तो सवयीनं कानाला लावते. त्यामुळं इकडं काकूंना आईचा चेहरा दिसतच नाही, दिसतो तो कान. काकू त्या कानाशी बोलतात, हसतात, रुसतात. आणि गेल्या वर्षीपासून फोन ठेवला की एकच वाक्य म्हणायला लागल्या होत्या : "कान लई वाळलाय वो आईचा."

हे तात्यांच्या मनाला लागलं. त्याच सुमारास आष्टीत बॅटरीच्या रिक्षा आल्या. काकू एकदा भीत भीत बाजारातून घरापर्यंत तसल्या रिक्षात आल्या आणि त्यांना उलटी झाली नाही! वास नाही, धूर नाही. फक्त रिक्षा सुटताना हिसका बसला की पोटात ढवळायचं. तात्यांनी तिथंच हिशेब मांडला : गाडी बॅटरीची पाहिजे आणि हिसका नको. रिक्षा काही त्या चढ-उताराच्या रस्त्यानं वाडीपर्यंत जायची नाही. म्हणून व्हॅन.

गॅरेजवाले गफूरभाई तात्यांचे जुने दोस्त. त्यांनी भंगारातून एक मोटार शोधली. कारखान्यात माल उचलून ठेवणारी गाडी असते ना, तिची. बॅटऱ्या सीटखाली बसल्या, मोटार बसली, श्रावण संपेपर्यंत सगळं झालं. राहिला एक डबा. कंट्रोलर.

कंट्रोलर म्हणजे काय, हे मला तात्यांनी सांगितलं आणि ते असं सांगितलं की मी जन्मात विसरणार नाही. "हे बघ. बॅटरी म्हंजे कारखाना. मोटार म्हंजे तोडकरी. अन् मधी मुकादम, तो कंट्रोलर. किती द्यायचं, कवा द्यायचं, तेच्या हातात. मुकादम हावरा असला की तोडकरी मेला. मऊ असला की काम न्हाई. अन् मुकादमच पिऊन पडला, तर?"

"तर गाडी थांबेल," मी म्हटलं.

"थांबंल? खुळाच हायस. हा डबा जळला तर कधीकधी उघडाच राहतो बे. सगळा करंट मोटारीला. पायाखालचं पॅडल सोडलं तरी गाडी पळतच राहती." तात्यांचा आवाज बारीक झाला. "आता सांग. बंद कसं करायचं?"

म्हणून मागच्या सीटजवळ एक लाल बटण आलं. भलंमोठं, थापटलं की बॅटरीच तुटणार. आणि ते थापटायला माणूस पाहिजे म्हणून मी आलो. मला कुणी विचारलं नाही. "बबन बसंल मागं," एवढंच ठरलं.

चाचण्या बाजारतळावर, बाजार नसेल त्या दिवशी. पुढच्या, म्हणजे काकूंच्या सीटवर फळी आणि फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी पेला. पेल्याखाली कोरडं फडकं. फडकं ओलं झालं की डबा नापास.

पहिला डबा बॅटरी-रिक्षाच्या मापाचा. व्हॅन चालली, दोन हेलपाटे बरे झाले, तिसऱ्याला डब्यातून धूर आला आणि व्हॅन जी सुटली! तात्या ओरडतायत, "पाय काढलाय मी! पाय काढलाय!" आणि समोर कडब्याची गंज. मी काय करावं? बटण दाबायचं सोडून मी तात्यांच्या दोन्ही खांद्यांना गच्च धरलं. "बटन, बे! बटन दाब!" मी दाबलं. तोवर व्हॅन गंजीत अर्धी शिरली होती. आम्हाला कुणाला लागलं नाही, कडब्याच्या मालकानं मात्र आमच्या सात पिढ्यांची नावं घेतली. तात्या बराच वेळ खाली उतरलेच नाहीत. काकूंच्या सीटकडं बघत बसले होते. पेला आडवा झाला होता.

"हितं ती असती तर, बबन?" ते म्हणाले. मी पेला उचलून सरळ ठेवला.

त्या दिवसापासून तात्यांची झोप गेली. दुसरा डबा मोबाईलवरून मागवला. लांबून आला, सोबतचा कागद चिनी भाषेत. ताकद मोठी, पण पॅडलला नुसता अंगठा लावला तरी व्हॅन शेळीसारखी उडी घ्यायची. पेला थेट माझ्या मांडीवर आला. तिसरा नगरहून आणला, त्याला लाल दिवा लुकलुकायचा. दिवा का लागतो ते देणाऱ्यालाही सांगता येईना. तात्या मोबाईलवर कुठल्याकुठल्या देशांतल्या माणसांचे व्हिडिओ बघायचे, त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण डबा जळालेला दाखवला की ते पुन्हापुन्हा लावायचे आणि मला बोलावून दाखवायचे. "बघ, बघ, कसा जळतोय." मला घरी जाऊन जेवण जायचं नाही.

"तात्या, पोरगी बघायला गेलेला माणूस पण एवढे नकार देत न्हाई," गफूरभाई वैतागले. "एक तरी पसंत करा."

शेवटी गफूरभाईंनीच तोड काढली. त्यांच्या गॅरेजच्या दाराला वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक जडशीळ लोखंडी डबा लावलेला असायचा. मोटारीबरोबर भंगारवाल्यानं तोही वजनात दिला होता. तो होता त्या माल उचलणाऱ्या गाडीचाच जुना कंट्रोलर. "अहो, उसीका दिमाग उसको लगाओ," गफूरभाई म्हणाले. "काचेच्या कारखान्यातली गाडी हाय ती. हिसका दिला असता तर मालकानं ठिवली असती का?"

तो बसवला. व्हॅन निघाली ती कुणी पाठीवरून हात फिरवावा तशी. बारीक आवाजात गुणगुणत बाजारतळाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, वळली, परत आली. फडकं कोरडं! गफूरभाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मी तात्यांना मिठी मारायला गेलो, तर तात्या फडक्याकडं बघून म्हणतात, "जुना हाय. वाटंत मेला तर?"

दिवाळी झाली. काकूंचे भाऊ ट्रकात बसून तोडीला गेले. आणि तात्या रोज नवीन खुसपट काढायला लागले. आज वायर जाड पाहिजे, उद्या डब्याला पंखा पाहिजे, परवा दुसरं लाल बटण पाहिजे. तिकडं वाडीवरून शेजारणीचा फोन आला, म्हातारी दोन-दोन दिवस चूल पेटवत नाही, पाण्यात भाकर बुडवून खाते आणि पडून राहते. काकू त्या दिवशी मोबाईल मांडीत घेऊन संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या.

माझं डोकं फिरलं. मी सरळ गॅरेजात गेलो आणि सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "तात्या, म्हातारी जाईल! तुम्ही डबे निवडत बसा, इकडं काकू आईचं तोंड न बघता राहतील जन्मभर. काय खोट आहे त्या डब्यात? सांगा ना!"

तात्यांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं आता शिवी देतील. पण ते नुसते म्हणाले, "खोट न्हाई बे. तीच तर पंचाईत हाय." आणि पुन्हा वायर सोलायला लागले. मला तेव्हा काही उलगडा झाला नाही, राग मात्र आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी बाजारतळावर पुन्हा चाचणी. पेला भरलेला, मी बटणाशी, तात्या चालवायला. तेवढ्यात शांताकाकू डोक्यावर पदर घेऊन तरातरा चालत आल्या. दार उघडलं, पेला उचलला आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं. फळी खाली टाकली. फडकं माझ्या अंगावर फेकलं. सीटवर मांडी ठोकून बसल्या.

"हाला आता," म्हणाल्या. "पाणी माझ्या पोटात हाय. सांडलं तर कळंलच."

तात्यांचा चेहरा पांढराफटक. "अगं, हा पक्का न्हाई केलेला..."

"सोयरीक जमवायलात का? माझ्या आईला काय पेल्यात घालून आणणार हाय तुमी? हाला म्हनते ना!"

तात्यांनी गाडी हलवली. मी तळहात बटणावर ठेवला तो घामानं चिकटला. काकू डोळे मिटून, नाकपुड्या फुगवून बसलेल्या. एक फेरा. दुसरा.  तिसऱ्या फेऱ्याला काकूंनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि बाजारतळाच्या कडेच्या चिंचेकडं बघून म्हणाल्या, "अगं बया, चिंचा लागल्यात की." गाडीत बसून बाहेर बघायचं असतं, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

डबा पसंत झाला. निवडला काकूंनी. 

निघायचा दिवस उजाडला. गाडीच्या कागदपत्रांची भानगड अजून अडकलेली, म्हणून आतल्या रस्त्यानं जायचं. काकूंनी सामान आणलं तेव्हा मला नवल वाटलं. दोन दिवसांच्या माहेरपणाला गोधडी, लोणच्याची बरणी, ज्वारीचं पोतं? पण मी बटणाच्या काळजीत होतो. गफूरभाईंनी निरोप द्यायला येऊन तात्यांच्या कानात अत्तराचा फाया घातला, वर कॉलरलाही अत्तर चोळलं. "ससुराल जा रहे हो, तात्या!" तात्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात कधी नव्हे ते लाजले.

गाव सुटलं. ज्वारीचा वारा लागत होता, गाडी गुणगुणत होती, चढाला डबा तापतोय का म्हणून तात्या दर टेकाडाला मान वाकडी करून आवाज ऐकत होते. आणि अचानक काकू गप्प झाल्या. मी पुढं वाकून बघितलं, तर चेहरा हिरवा. "थांबवा," त्या कशाबशा म्हणाल्या.

तात्यांनी गाडी थांबवली, उडी मारून उतरले, डब्यावर हात ठेवला. "गरम न्हाई! हिसका बसला का? कुठं बसला? बबन, तुला बसला का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढे महिने, एवढे डबे, आणि अर्ध्या वाटेत हे. काकू दारातून मुंडकं बाहेर काढून बसलेल्या, ओठावर पदर. दवाखाना मागंही लांब आणि पुढंही लांब. मला ते सलाईन आठवलं.

"डबा न्हाई वो," काकू पदरातून कण्हल्या. "तुमचा वास येतोय!"

अत्तर! ज्या माणसानं डिझेलचा वास नको म्हणून अख्खी गाडी नवी केली, तो स्वतः अत्तर लावून काकूंच्या शेजारी बसला होता. तात्यांनी फाया उपटून लांब फेकला, सोबतच्या कळशीतलं पाणी चाचणीच्या पेल्यात घेऊन कान खसाखसा धुतला. शर्ट काढला, पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि ती गाडीच्या मागं, बाहेरून बांधली. आणि भानुतात्या बनियनवर सासुरवाडीला निघाले. काकूंना आधी हसू आलं, मग रंग आला. मग त्यांनी शेंगा मागितल्या.

वाडीवर पोहोचलो तर दारोदार कुलूपं. माणूस म्हणून म्हातारी-कोतारी, आणि शेळ्या. काकूंची आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. गाडीला आवाज नाही, त्यामुळं तिला कुणी आल्याचं कळलंच नाही. काकू उतरल्या, जवळ गेल्या आणि समोर बसल्या.  त्यांनी हात पुढं केला आणि आईचा कान धरला. तो फोनमधला कान. हळूच, दोन बोटांत.

"शांते?" म्हातारी म्हणाली.

मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, तुम्हीही रडला असता.

"गाडीचा आवाज न्हाई आला," म्हातारी लेकीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली. "चालत आलीस का गं एवढं?" मग डोळे बारीक करून आमच्याकडं बघितलं. "अन् ह्यो उघडा कोण?"

"जावई हाय मामी तुमचा," तात्या म्हणाले आणि बनियनवरच पाया पडले.

काकूंनी चूल पेटवली. जेवताना म्हातारीनं विचारलं, "किती दिस राहशील?" काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तोडीवरनं सगळी येईस्तोवर हाय की. तुला आता एकटीला सोडत न्हाई." मी चटकन तात्यांकडं बघितलं. त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नव्हतं. ते ताटातलं मीठ बोटानं सारखं करत होते. आणि मग मला गोधडी, बरणी, पोतं, आणि ती "खोट न्हाई, तीच तर पंचाईत" सगळं एकदम कळलं. 

गाडी तिथंच चार्जिंगला लावली, दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. काकू गाडीच्या दारापर्यंत आल्या. "कुलूप एकदाच वढून बघत जा," तात्यांना म्हणाल्या. "अन् येळंवर खात जा." तात्या म्हणाले, "हां." बास. एवढाच निरोप.

मी पुढं बसायला गेलो तर म्हणाले, "मागं बस. तिथं पेला ठिवायचाय." त्यांनी पेला हंड्यातल्या पाण्यानं काठोकाठ भरला, काकूंच्या सीटवर फळी मांडून ठेवला आणि निघाले. पहिल्या वळणालाच पाणी सांडलं. पुढच्या वळणाला पुन्हा. मग तात्यांनी गाडी बाजूला घेतली.

"मला तिच्याबिगर करमत न्हाई बे, बबन," ते स्टिअरिंगकडं बघत म्हणाले. "ह्या वयात सांगायला लाज वाटती. डबा गफूरनं बसवला त्याच दिशी मला कळलं हुतं, हा पास हाय. घरी जाऊन तिला सांगितलं असतं तर त्याच दिशी निघाली असती. जीव धजंना. तकडं म्हातारी वाट बघती हे कळत हुतं, तरी धजंना."

 मी बटणावरचा हात काढला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. या वेळी त्यांनी तो तिथं राहू दिला.

आता तात्या दर रविवारी वाडीवर जातात. मला नेत नाहीत. निघताना भिंतीवरून सांगतात, "डब्याची चाचणी करून येतो. लांबच्या पल्ल्याला कसा चालतोय, बघाय पायजे." अंगात बनियन. मागच्या सीटवर धुतलेला शर्ट घडी घालून ठेवलेला, तो वाडीच्या वेशीवर घालायचा. पुढच्या सीटवर फळी, फडकं, पेला. गफूरभाईंना निघायच्या वेळी गल्लीत यायची मनाई आहे.

परवा परत आले तेव्हा मी दुकान बंद करत होतो. मुद्दाम विचारलं, "काय म्हणतो मुकादम?"

"जाताना एक थेंब सांडला न्हाई," ते म्हणाले.

"आणि येताना?"

त्यांनी सीटवरचं फडकं उचललं, दाराशी येऊन पिळलं. पाणी पायरीवर पडलं.

"येताना सांडतंय," तात्या म्हणाले. "दर येळंला. रस्त्याचा दोष असंल." आणि फडकं दोरीवर वाळत घालून, कुलूप काढून आत गेले.